लगद्याची अंडी, ट्रेची फुले : आमची वाटचाल

ईस्टर या ख्रिस्ती सणासाठी टाकाऊ वस्तूंपासून अंडी-फुलांची सजावट करण्याच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात अंड्यांच्या एका रिकाम्या ट्रेपासून झाली. माझ्या धाकट्या बहिणीने ट्रेचा एक खळगा कापून त्याच्या कडेला सहा पाकळ्या कातरल्या, दोन खळग्यांच्या मधला उंच सुळका उलटा करून त्यात बसवला आणि पिवळा रंग दिला. पाहता पाहता डॅफोडिलचे फूल तयार झाले. जर्मन भाषेत या फुलाला ‘ईस्टरची घंटा’ म्हणतात, हे आम्हाला पुढे कळले. त्या वर्षी दारावर लावलेले फुलांचे कडे पाहून ओळखीच्या दोघांनी तसेच मागितले आणि आम्ही कामाला लागलो.

घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून सजावट करायची, तर निम्म्याहून अधिक वेळ निवडण्यात आणि स्वच्छ करण्यात जातो. कागदाच्या लगद्याचे ट्रे धुता येत नाहीत, पाणी लागताच ते विरघळू लागतात. म्हणून डाग पडलेला ट्रे आम्ही घेतच नाही. खरी अंडी रंगवायची असतील तेव्हा दोन्ही टोकांना सुईने भोके पाडून आतला बलक फुंकून काढायचा, कवच साबणाच्या पाण्याने आतूनबाहेरून धुवायचे आणि मगच रंगात सोडायचे. रंग आम्ही कांद्याच्या सालींचाच वापरतो. साली उकळून गाळलेल्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातले की कवचावर विटकरी, तांबूस छटा चढते. मात्र कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने व्हिनेगर ते हळूहळू खाते. अंडे जास्त वेळ राहिले तर पृष्ठभाग खरबरीत होतो आणि माळेत ओवताना कवच बोटांतच फुटते.

आमची सर्वांत मोठी चूक लगद्याच्या अंड्यांत झाली. फुग्यावर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवून आम्ही मोठी अंडी केली, वरून ती खडखडीत वाळलेली वाटली म्हणून रंगवून खोक्यांत भरली आणि पाठवून दिली. दोन आठवड्यांनी तक्रारी आल्या, की अंड्यांना कुबट वास येतो. आम्ही एक अंडे कापून पाहिले, तर आत काळपट बुरशी होती. बाहेरचे थर आधी वाळून घट्ट झाले होते आणि आतला ओलावा तिथेच अडकला होता. सर्वांचे पैसे परत केले. तेव्हापासून एका वेळी दोनच थर द्यायचे, ते पूर्ण वाळल्यावर पुढचे दोन, आणि शेवटी फुगा काढून अंडे मधोमध कापायचे, दोन्ही अर्ध्या भागांना आतून वारा लागू द्यायचा व मगच जोडायचे, असा नियम आम्ही केला. वेळ दुपटीने लागतो, पण त्यानंतर एकाही अंड्याला वास आलेला नाही.

चमकीची मागणी अनेकदा होते आणि आम्ही ती दर वेळी नाकारतो. ही चमकी बहुधा प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची असते. एकदा चिकटली की तो कागद रद्दीच्या उपयोगाचा राहत नाही. जी वस्तू रद्दीतून आली ती सण झाल्यावर पुन्हा रद्दीत जाता यावी, एवढा आमचा आग्रह आहे. म्हणून टांगण्यासाठी तार न वापरता सुतळी वापरतो, आणि लकाकी हवीच असेल तर वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी आतली बाजू कापून वेगळी काढता येईल अशी बांधतो.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, आणि आमचे सारे वेळापत्रक तिच्यावर अवलंबून असते. पाश्चात्त्य चर्चच्या गणनेनुसार २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कधीही येऊ शकतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, तर २०२५ मध्ये २० एप्रिलला. एवढ्या फरकात वाळवणीचे तीन आठवडे हातातून जातात किंवा हाती येतात. त्यामुळे आम्ही ईस्टरपासून नव्हे, तर त्याच्या ४६ दिवस आधी येणाऱ्या राखेच्या बुधवारापासून (ॲश वेन्सडे, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) मागे मोजतो. त्या दिवशी शेवटचे अंडे वाळून रंगासाठी तयार असले पाहिजे. २०२७ मध्ये हा बुधवार १० फेब्रुवारीला येतो, म्हणून त्या हंगामाचे लगद्याचे काम आधीचा डिसेंबर संपण्यापूर्वीच उरकायचे ठरले आहे.