आमची वाटचाल: लाईन गेली तरी निरोप पोचला पाहिजे

बेळगावात आम्ही इंटरनेटवर चालणारे ऑफिस-फोन बसवतो. उद्यमबागचे फाउंड्रीवाले, शहापूरचे साडी व्यापारी, खानापूर-निपाणीकडचे दवाखाने ही आमची गिऱ्हाइकं. सुरुवात इंटरकॉम दुरुस्तीपासून झाली. 2018 साली दूरसंचार खात्याने इंटरनेट टेलिफोनीचे नियम स्पष्ट केले, त्यानंतर आम्ही या कामात पुरते उतरलो.

जुन्या तांब्याच्या लाईनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्ट मिळायचे, म्हणून घरातला करंट गेला तरी फोन वाजायचा. आमच्या फोनला राऊटर लागतो, राऊटरला करंट लागतो आणि वाटेतली फायबर शाबूत लागते. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात तारांवर झाडं पडतात, रस्त्याच्या कामात जेसीबी केबल उखडतो. ते थांबवणं आमच्या हातात नाही. गिऱ्हाइकाला वेळेवर कळवणं मात्र आहे, आणि आमचं नाव झालं ते त्यावरच.

कळवायचं एसएमएसने. पण ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे धंद्याच्या एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. लाईन गेल्यावर लिहायला बसून चालत नाही. म्हणून मराठी आणि कन्नड, दोन्ही मजकूर पावसाळ्याआधीच मंजूर करून ठेवतो. गाव, कारण आणि वेळ तेवढी ऐनवेळी भरायची. इंग्रजीत एका एसएमएसात 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70, आणि त्यात काना-मात्रासुद्धा मोजली जाते. आमचा पहिला निरोप असा जातो: ‘खानापूर: फोन बंद. केबल तुटली. पुढचा निरोप 11 वाजता.’

अकराला दुरुस्ती झालेली नसली तरी निरोप जातोच. जोडणीची माणसं तुटलेल्या जागी पोचेपर्यंत सुरू होण्याची वेळ आम्ही सांगत नाही. दवाखान्याच्या काउंटरवरच्या ताईंना ठरवायचं असतं, की थांबायचं की दारावर डॉक्टरांचा मोबाईल नंबर लिहून लावायचा. खोटी आशा दिली तर तिथे पेशंटचे हाल होतात.

येणारे कॉल वाया जाऊ नयेत म्हणून फोन सर्व्हरला, म्हणजे कॉल जोडून देणाऱ्या कॉम्प्युटरला, दिसेनासा झाला की कॉल आपोआप मोबाईलवर वळतो. कोणता नंबर द्यायचा ते मालकालाच विचारून घेतो, कारण माणसं नंबर बदलतात आणि कळवायचं राहून जातं. दर मे महिन्यात आमची मुलं गिऱ्हाइकाच्या समोर बसून राऊटरची वायर काढतात आणि कॉल खरोखर मोबाईलवर येतो का ते पाहतात.