पुढे पळणारं घड्याळ

दुपारी सहज स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. स्वारी जरा घाईत दिसली. मोबाइल शेजारी ठेवून पाहिला, तर संगणक सहा-सात मिनिटं पुढे. सकाळीच तर जुळवलं होतं!

घड्याळ मागे पडलं की आपण लगेच त्याला नावं ठेवतो. पुढे असलेल्याला मात्र चटकन माफी मिळते. आमच्या घरी भिंतीवरचं घड्याळ मुद्दामच दहा मिनिटं पुढे ठेवलेलं असायचं, शाळेला उशीर होऊ नये म्हणून. उपयोग काडीचा नाही, कारण घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात दहा वजा करूनच वेळ वाचायचा. धांदल उडायची ती पाहुण्यांची. बोलता बोलता वर पाहायचे आणि पिशवी उचलून उभेच राहायचे. मग आई आतून ओरडायची, "बसा हो, पुढे आहे ते!"

पण पुढे असणं वेगळं आणि पुढे पळत राहणं वेगळं. दहा मिनिटं वजा करता येतात. तासागणिक वाढणारा फरक रोज किती म्हणून वजा करायचा?

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर असं झालं की पहिला आळ मदरबोर्डवरच्या चपट्या सेलवर. बिचाऱ्याची ड्युटी मशीन बंद असतानाची. मशीन चालू असलं की वेळ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः मोजतो. मी 'एचडब्ल्यूक्लॉक' (बोर्डवरच्या घड्याळाची वेळ) आणि 'डेट' (कर्नलची वेळ) या आज्ञा पाठोपाठ चालवून पाहिल्या. बोर्डवरची, त्या सेलच्या भरवशावरची घड्याळाची चिप मोबाइलशी जुळत होती, धावत होता तो कर्नलच.

'एनटीपी लावून टाक', म्हणजे नेटवरून वेळ जुळवून घे, हा ठरलेला सल्ला. पण ते काम करणारा एनटीपीडी हा प्रोग्राम घड्याळाची चाल हळूहळू सुधारतो ती दहा लाखांत 500 भागांपर्यंत, म्हणजे दिवसाला जेमतेम 43 सेकंद. इथे तासाला दीड-दोन मिनिटांची कमाई चाललेली. अशा वेळी तो घड्याळाला धरून सरळ मागे ओढतो, आणि मग फायलींच्या वेळा पाहून प्रोग्राम बांधणारं 'मेक' कुरकुरतं की अमुक फाइल भविष्यकाळात बदलली आहे.

कर्नल कुठल्या टायमरवरून वेळ मोजतो ते सांगणारी करंट_क्लॉकसोर्स ही फाइल उघडून पाहिली, तर आत 'टीएससी'. हा प्रोसेसरचे ठोके मोजतो. सेकंदाला ठोके किती, हे कर्नल बूट होताना दुसऱ्या टायमरशी ताडून ठरवतो. तो आकडा कमी धरला गेला, की खरा सेकंद संपायच्या आत याचा भरलेला असतो.

रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊन 'इको' या एका आज्ञेत त्याच फाइलीत 'एसीपीआय_पीएम' या दुसऱ्या टायमरचं नाव लिहिलं आणि पळापळ थांबली. हा टायमर सेकंदाला 35,79,545 ठोके देतो. आकडा विचित्र वाटतो ना? तो आला अमेरिकेच्या रंगीत टीव्हीतून. एनटीएससी पद्धतीत रंगाची माहिती वाहणाऱ्या लहरीची ही वारंवारता. 1981च्या आयबीएम पीसीत तिच्या चौपटीचा, 14.31818 मेगाहर्ट्‌झचा स्फटिक बसवला होता. ते टीव्ही केव्हाच भंगारात गेले. त्यांचा आकडा माझ्या टेबलावर अजून वेळ मोजतोय. मला ही वंशावळ फार आवडते. बाकी कोणाला सांगायला गेलं की लोकांना अचानक कामं आठवतात.

एसीपीआय_पीएम वाचायला टीएससीपेक्षा वेळ लागतो, हे खरं. बूट होताना टीएससीचा हिशेब नेमका कुठे फसला, तेही शोधायला हवं. कदाचित रीस्टार्ट केलं तर या खेपेला नीट मोजेलही. पण इतक्या खिडक्या उघड्या आहेत, कोण बंद करत बसणार!