आला का दुसरा देश?

म्युनिकहून गाडीने क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला जायचं म्हटलं की लोक निळ्या समुद्राबद्दल बोलायला लागतात. माझ्या डोळ्यांसमोर येतं ते विन्येट. ऑस्ट्रियाच्या महामार्गावर चाक टेकवण्याआधी टोलचा हा परवाना घ्यावा लागतो. स्लोव्हेनियाचा वेगळा. त्यांनी स्टिकर बंद करून सगळं ऑनलाइन केलंय. म्हणजे गाडीचा नंबर टाकायचा, पैसे भरायचे आणि नंबरात ओ आहे की शून्य हे पुन्हा पुन्हा बघत बसायचं. एवढं करूनही ऑस्ट्रियात टाउअर्नच्या बोगद्याचे पैसे निराळे आणि कारावांकेनचे आणखी निराळे. क्रोएशियात आमच्या वेळी सरळ टोलनाका होता. चढताना तिकीट घ्या, उतरताना पैसे मोजा. इतका समजूतदार नाका बघून मला भरून आलं होतं.

त्या फेरीला आई-बाबा बरोबर होते. बाबांनी आयुष्यभर राज्यांच्या सीमेवरचे तपासणी नाके पाहिलेले, ट्रकची रांग पाहिलेली, त्यामुळे परदेशाची सीमा म्हणजे त्याहून काहीतरी दांडगं असणार अशी त्यांची खात्री होती. पासपोर्ट, व्हिसा, विमा, हॉटेलचं बुकिंग, माझ्या भाडेकराराची प्रत, सगळं एका फाइलमध्ये घालून ती त्यांनी मांडीवर घेतली होती. साल्झबुर्ग मागे पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आला का दुसरा देश?"

"केव्हाच आला, बाबा."

"मग सांगायचं नाही का?"

काय सांगणार? निळ्या पाटीवर बारा चांदण्या आणि मधे देशाचं नाव, तेवढं दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. जर्मनीत शिरणाऱ्यांना पोलीस अडवतात, बाहेर पडणाऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सीमा नसणं ही मोठी चैन आहे हे मला पटतं, तरी प्रवासी म्हणून फसवणूक झाल्यासारखंही वाटतं. इतका पल्ला मारून देश बदलला आणि त्याचा पुरावा काय, तर पेट्रोलचा बदललेला भाव.

कारावांकेनचा बोगदा मात्र बाबांना पसंत पडला. जवळपास आठ किलोमीटर लांब, अलीकडे ऑस्ट्रिया आणि पलीकडे स्लोव्हेनिया. त्यातून शनिवार आणि सुट्टीचा हंगाम, म्हणून गाड्या बाहेर थोपवून थोड्या थोड्या आत सोडत होते. सगळं युरोप त्याच दिवशी समुद्राकडे निघालेलं. शेजारच्या गाडीतली मुलं उतरून डांबरावर चेंडू खेळायला लागली, आईने दशम्या आणि चटणी काढली. बोगदा १ जून १९९१ला खुला झाला तेव्हा पलीकडे युगोस्लाव्हिया होता. २५ जूनला स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. म्हणजे फीत कापल्याला महिना व्हायच्या आत दुसऱ्या तोंडाचा देशच बदलला. हे ऐकून बाबा म्हणाले, "आणि आपल्याकडे एका पुलाला किती वर्षं लागतात!" दोन्हींचा संबंध काय, हे विचारायचं मी टाळलं.

खरी गंमत दुब्रोव्हनिकच्या अलीकडे आहे. क्रोएशियाचा किनारा सलग नाही. मधे वीसेक किलोमीटरचा तुकडा बोस्नियाचा, गाव नेउम. दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाला शेजारच्या व्हेनिसची इतकी धास्ती होती, की १६९९च्या कार्लोविट्झच्या तहाच्या वेळी मधे बफर म्हणून ही पट्टी त्यांनी तुर्कांकडे जाऊ दिली. तो तुकडा पुढे बोस्नियाकडे राहिला आणि तीनशे वर्षांनी पर्यटकांच्या पाठीस लागला. आपल्याच देशातल्या दुब्रोव्हनिकला जायचं तर क्रोएशियन माणसालाही एक देश ओलांडून जावं लागे. अखेर जुलै २०२२मध्ये पेल्येशाट्सचा पूल झाला. जवळजवळ अडीच किलोमीटरचा हा पूल बोस्नियाला वळसा घालून थेट पलीकडे नेतो. पुढच्याच जानेवारीत क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या देशांच्या गटात आला.

आधीच्या एका फेरीत बायको आणि मी मुद्दाम नेउमला थांबलो होतो. आमच्याकडे जर्मनीचा रहिवासी परवाना, त्यावर बोस्नियात व्हिसा लागत नाही. तांब्याच्या ताटलीत, लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी आली, शेजारी लोकुम या तुर्की मिठाईचा तुकडा. बिल मार्कमध्ये. जर्मनीने स्वतःचा मार्क २००२मध्येच गुंडाळला, पण बोस्नियाच्या मार्कचा युरोशी भाव अजून तोच आहे, १.९५५८३, दशांशाच्या पाचव्या घरापर्यंत. जर्मनीत राहून जर्मन मार्कचं भूत भेटायला नेउमला जावं लागलं. कॉफी संपेपर्यंत फोनवर निरोप येऊन पडला होता : युरोपियन युनियनबाहेर आहात, इंटरनेटचे पैसे वेगळे.

आई-बाबांना मात्र ती कॉफी मिळणार नव्हती. त्यांचा व्हिसा सिंगल एंट्री. नेउमच्या नाक्यावरून एकदा बाहेर पडलो की शेंगेनमध्ये परत यायचा रस्ता बंद. म्हणजे कॉफीसाठी गेलेले आई-बाबा थेट मुंबईलाच. त्याच कारणाने शेजारचा माँटेनेग्रो देशही रद्द झाला. आईला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, मला वाटलं. तिथे कोटोर गावाच्या वरच्या घाटात न्येगुशीचं चीज मिळतं. ते इकडे आणायला बंदी आहे, म्हणून तिथेच बसून खावं लागतं, आणि मी त्या कामाला तयार होतो. एकाच गाडीत बसलेल्या चौघांसाठी नकाशा वेगवेगळा असतो. आमच्यासाठी जो रस्ता होता, तो मागच्या सीटवर भिंत होता. आम्ही पुलावरून गेलो. बाबा खिडकीतून बोस्नियाच्या दिशेने बघत म्हणाले, "डोंगर तर सारखेच दिसतात."

परतताना वाल्सरबर्गला, जर्मनीच्या तोंडाशी, तासभर रांग. मी वैतागलो, बायको घड्याळ बघत होती. बाबा सरसावून बसले. काच खाली झाली, पोलीस बाईंनी आत डोकावून पासपोर्ट मागितले आणि बाबांनी अख्खी फाइलच पुढे केली. त्यांनी दोन पासपोर्ट काढून घेतले, व्हिसाचं पान पाहिलं, फाइल परत दिली आणि "गुटे फार्ट", म्हणजे शुभ प्रवास, म्हणून जायची खूण केली.

"शिक्का?" बाबांनी विचारलं.

"इथे मारत नाहीत, बाबा."

"डिकीसुद्धा उघडली नाही," बाबा म्हणाले, आणि रोझेनहाइम येईपर्यंत त्यांनी ही कुरकुर चालू ठेवली.