टकली संत्री

आमच्या फ्रिजमध्ये सध्या चार टकली संत्री बसून आहेत. वरचा केशरी रंग पार किसून गेलेला, उरलंय ते पांढुरकं, ओरखडे पडलेलं डोकं. लेकाने दार उघडलं, "यांना काय झालं?" एवढं विचारलं आणि दुधाची पिशवी घेऊन निघून गेला. झालं काय, तर कुकीज झाल्या.

पहिल्या खेपेला माझा समज अगदी सरळ होता. संत्र्याची कुकी म्हणजे तिच्यात संत्र्याचा रस. नागपूरकडच्या बाईला संत्र्याबद्दल कोणी काय शिकवायचं? अर्धी वाटी रस गाळून लोणी-साखरेत ओतला. लोणी फाटल्यासारखं दिसायला लागलं. मग मैदा वाढवला, पीठ तरी हाताला चिकटतच राहिलं, म्हणून आणखी मैदा. ओव्हनमधून जे बाहेर आलं ते बिस्किट नव्हतं, केकही नव्हता. चवीला गोड, जरासं आंबट आणि संत्र्याचा म्हणाल तर मागमूस नाही. घरच्यांनी ते चहात बुडवून संपवलं. आमच्याकडे यालाच सौजन्य म्हणतात.

चूक नंतर कळली, आणि कळल्यावर हसूच आलं. 100 ग्रॅम संत्र्यात 87 ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. मैद्याला पाणी मिळालं की तो पोळीच्या कणकेसारखा चिवट व्हायला लागतो आणि खुसखुशीतपणा गेलाच. संत्र्याचा घमघमाट असतो सालीत. सालीवर जे बारीक बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या पिशव्या. लिमोनीन नावाचं तेल असतं त्यात, आणि तेल असल्यामुळे ते लोण्यात छान मुरतं.

हे मला लहानपणापासून माहीत होतं की! शाळेतून आल्यावर संत्र्याची साल दुमडून बहिणीच्या डोळ्यांवर पिचकारी मारायची, हा आमचा हिवाळी खेळ. वाढदिवसाच्या फुग्याजवळ साल दाबली की फुगा फट्‌दिशी फुटायचा. लोडशेडिंगच्या अंधारात मेणबत्तीच्या ज्योतीवर तीच पिचकारी मारली की फुर्रकन ठिणग्या उडायच्या आणि पाठीत धपाटा बसायचा. इतकं सगळं करून शेवटी मी रस ओतला.

दुसऱ्या खेपेला साल किसायला घेतली तर नवीनच अडचण. आमचं नागपुरी संत्रं ढिल्या सालीचं. अंगठा घातला की साल सुटते, फोडी मोकळ्या, हा त्याचा मोठेपणा. पण किसणीवर तीच साल आत दबते, सरकते, नाहीतर टरकन फाटते आणि रसाचे ओघळ कोपरापर्यंत. त्यातून जानेवारी महिना. संत्र्याचं आंबिया बहाराचं पीक संपत आलेलं, पुढच्या मृग बहाराच्या पिकाला अजून अवकाश. अशा वेळी पुण्यात हातगाडीवर जे चकचकीत फळ "नागपूर, नागपूर" म्हणून ओरडून विकतात, तो असतो किन्नू. या विषयावर मी हातगाडीवाल्यांशी कितीतरी वेळा वाद घातलाय. "पंजाबचा आहे हा," असं दरवेळी ठणकावूनही सांगितलंय. पुढे वाचनात आलं की मुळात तो पंजाबचाही नाही. कॅलिफोर्नियात 1915 साली 'किंग' आणि 'विलो लीफ' अशा दोन जातींच्या संकरातून तो तयार झाला, आणि दोघांच्या नावांचे तुकडे जोडून झाला किन्नू.

आता कबुली द्यायलाच हवी, माहेरी कळलं नाही म्हणजे झालं. किसायला किन्नूच बरा. साल घट्ट, फळ टणक. फक्त वर मेणाची चकाकी असू शकते म्हणून कोमट पाण्याने खसखसून धुवायचा, कोरडा पुसायचा आणि जायफळाच्या किसणीवर हलक्या हाताने फिरवायचा. एका जागी दोनदा घासायचं नाही. केशरी संपून पांढरं दिसलं की थांबायचं, कारण त्या पांढऱ्याने कुकी कडू होते. नागपुरीच हवं असेल तर तासभर फ्रिजमध्ये गार करून घ्यावं, जरा तरी ताठ उभं राहतं.

मग माझा आवडता भाग. दोन फळांचा कीस 80 ग्रॅम साखरेत टाकून बोटांनी चोळायचा. साखरेचे कण किसाला घासतात, तेल सुटतं, आणि दोन मिनिटांत कोरडी पांढरी साखर ओल्या वाळूसारखी जड, फिकट केशरी होते. बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही. पुढे विशेष काही नाही. 100 ग्रॅम लोणी, 150 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, अर्धा तास फ्रिज, मग 170 अंशांवर बारा-चौदा मिनिटं. कडा जेमतेम बदामी झाल्या की बाहेर. तेव्हा मऊच लागतात, गार झाल्यावर कडक होतात. हा विश्वास नसल्यामुळे दुसरा घाणा मी करपवला, ते असो.

तिसऱ्या खेपेला आई नागपूरहून आलेली होती. मी साखर चोळत होते तेव्हाच तिने बाहेरून विचारलं, "काय करून राहिली गं? उटण्याचा वास येऊन राहिला."

आणि एकदम लक्षात आलं, हा वास मला इतका ओळखीचा का वाटत होता. आमच्या घरी संत्र्याची साल कधी फेकली जात नसे. गच्चीवर जुन्या धोतरावर साली वाळत पडायच्या, वाळून कानासारख्या वळायच्या, मग खलबत्त्यात कुटून चाळून पूड. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद आणि ही पूड, असं आजीचं उटणं. दिवाळीच्या पहाटे कुडकुडत पाटावर बसलं की पाठीवर खरखरीत घासलं जायचं ते हेच संत्रं.

गार झालेली कुकी आईने हातात घेतली, आधी हुंगली, मग अर्धी मोडून तोंडात टाकली. बराच वेळ काही बोलली नाही.

"छान झाली," ती म्हणाली. "आता पाणी काढ अंघोळीचं." आणि आणखी दोन उचलल्या.