लुगड्याचं दुसरं टोक

माउलींच्या पालखीबरोबर वारीला निघाले, पण दिवे घाटात मला काहीच झालं नाही. 'घाटात डोळ्यांना धार लागते बघ,' असं ऑफिसातल्या तिघींनी सांगून पाठवलं होतं. एकादशीचा दिवस, पुणे ते सासवड ३० किलोमीटरच्या वरची चाल, पोटात दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे. रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या, वळणावळणावर पताकाच पताका, वर ड्रोन घोंघावतायत. भव्यच होतं सगळं, नाही कसं म्हणू? पण माझं लक्ष उजव्या गुडघ्यात. पाणी आलं ते तिथे.

रजा मोजकीच, म्हणून लोणंदपर्यंतच चालायचं ठरवलं होतं. शेजारच्या काकांची दिंडी रथामागची. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की दोन वेळचं जेवण, तंबूत जागा आणि पिशवी ट्रकात. बाकी आपले पाय.

पहाटे तीनला टँकरच्या तोटीखाली आंघोळी. माझ्या शेजारी परभणीकडच्या एक मावशी होत्या, बावीस वाऱ्या झालेल्या. त्यांच्याकडे दोनच लुगडी. एक अंगावर, दुसरं ओलं पिळून खांद्यावर. मी म्हटलं, ट्रकात टाका की. "कुबट वास मारतो दिवसभर," म्हणाल्या.

जेजुरी सोडली. टप्पा लहान, वारा मात्र भरपूर. अंगावर अजून कालचा भंडारा. उघडा माळ लागला तसं मावशींनी खांद्यावरचं लुगडं सोडलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "काय बघायलीस? धर की." त्या पुढे, मी मागे, मधे नऊ वार हिरवं कापड. वाऱ्यानं ते एकदम फुगलं आणि माझे हात खांद्यापासून ओढले गेले. मी जरा रेंगाळले की लुगडं ताणायचं, घाई केली की झोळ पडून चिखलाला टेकायला व्हायचं. "पाय बघ माझे, पाय!" मावशी मागे न बघता ओरडायच्या. पलीकडे जायचं असलं तर लोक 'माउली, माउली' म्हणत खालून वाकून जायचे. एक म्हातारा मृदंग सांभाळत, जवळजवळ बसूनच, पलीकडे गेला.

पदराकडून कापडाचा रंग बदलत आला. आधी गडद, मग कडेनं फिकट, मग ती फिकट रेघ हळूहळू आत सरकत गेली. मी डोळे लावून ते बघत होते. घरी बाल्कनीतल्या दोरीवर आठवड्याला डझनभर कपडे वाळतात, त्यातला एकही वाळताना मी पाहिलेला नाही. दोन अभंग आणि एक गजर संपेपर्यंत लुगडं खडखडीत वाळलं. मावशींनी घडी घातली, नाकाला लावली आणि वास घ्यायला माझ्यापुढे धरली. ऊन, थोडी धूळ, थोडा भंडारा. डोळ्यांत पाणी आलं ते इथे. कारण विचारू नका.

त्यानंतर मी भलतीकडेच बघत सुटले. झाडाला आरसा टांगून फुकट दाढी करून देणारा न्हावी, त्या आरशात मागून चाललेल्या पताका. वाल्ह्यात माझ्या चपलेचा अंगठा शिवून देणाऱ्यानं पैसे तर घेतले नाहीतच, वर माझ्याच पाया पडला. माझी पार पंचाईत.

नीरेच्या स्नानाला ही गर्दी! त्या रेटारेटीत मावशींची चंची हरवली. पान, चुना, अडकित्ता आणि घरी जायचं एसटीभाडं. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत, पण चालताना सारखा हात कमरेकडे जायचा.

संध्याकाळी लोणंदला समाज आरती. दिंड्या गोल उभ्या, शेकडो टाळ एकसुरात. चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, उंच केला आणि सगळं जागच्या जागी थांबलं. एकाच दिंडीचा टाळ वाजत राहिला. याचा अर्थ त्यांची काही तक्रार आहे. चोपदार गेले, ऐकून घेतलं, तोही टाळ थांबला. मग हरवलं-सापडलं. इतका मोठा तळ, एवढी माणसं श्वास रोखून उभी, आणि पुकारा कशाचा? एक काठी. दातांची एक कवळी. कुणी हसलं नाही. मग, "निळी चंची, आत अडकित्ता." मावशींनी माझा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता. त्यानंतर आरती.

सकाळी मी पिशवी उचलली. मावशींना वाकून नमस्कार केला, त्याही माझ्या पाया पडल्या. तरडगावच्या रस्त्याला दिंडी लागली, मी गर्दीच्या उलट एसटी स्टँडकडे. थोडं जाऊन मागे वळून पाहिलं. ओलं लुगडं खांद्यावरून उतरलं होतं. शेजारून एक कॉलेजची पोरगी फोन वर धरून शूटिंग करत चालली होती.

"काय बघायलीस?" एवढं ऐकू आलं. पोरीनं फोन खिशात घातला.