रीफ टँकच्या लाइटखालचं कव्हर: रत्नागिरीच्या हवेत काय टिकलं

मंडळी, टँकमधल्या खाऱ्या पाण्याचे शिंतोडे लाइटवर बसू नयेत म्हणून लाइटखाली टांगलेल्या पारदर्शक कव्हरचं काम आता मनासारखं झालंय, म्हणून सविस्तर लिहितो. टँक चार फुटी, रीफचा, म्हणजे समुद्राच्या पाण्यातले प्रवाळ आणि मासे ठेवायचा. आत लेदर, मशरूम, झोअँथिड हे दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ आणि क्लाउनफिश माशांची जोडी. दगडी प्रवाळ माझ्याकडे नाहीत. आपल्याकडचे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याने तरी हे पथ्य पाळलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. वर दोन एलईडी लाइट, पाण्यापासून वीतभर उंच.

घाटावरचे मित्र सांगतात की एलईडीला कव्हर लागत नाही, अधूनमधून मऊ ब्रश फिरवला की मीठ झडून जातं. त्यांच्याकडे जातही असेल. आमच्याकडे पावसाळ्यात मीठ झडत नाही, कारण ते सुकतच नाही. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. मृग लागल्यापासून गणपती होईपर्यंत रत्नागिरीत हवा तेवढी कोरडी मिळणं कठीण. म्हणजे लाइटवर बसलेला थर हा खारट पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो वीज वाहून नेतो, ॲल्युमिनियमचा हीटसिंक (लाइटची उष्णता बाहेर टाकणारा भाग) खातो आणि फटीफटीतून आत शिरतो.

जुन्या लाइटचा कनेक्टर मेमध्ये उघडला तेव्हा तांब्याच्या तारेवर निळसर-हिरवी पूड चढलेली होती. बोट लावलं तर चिकट. एका पिनेचं टोक खाऊन पार सुईसारखं झालेलं. ही पूड टँकमध्ये पडली तर कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना तांबं म्हणजे विषच. लाइटचं नुकसान पैशाने भरून निघतं, टँकमधल्या जिवांचं निघत नाही. कव्हरचा विचार तिथून पक्का झाला.

आधी मात्र शिंतोडे कुठून येतात ते पाहिलं. मोठ्या थेंबांपेक्षा बुडबुडे जास्त त्रास देतात. पृष्ठभागावर बुडबुडा फुटला की बारीक तुषार वर उडतात, डोळ्याला दिसतही नाहीत. रिटर्नचं (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत सोडणाऱ्या नळीचं) तोंड पृष्ठभागाखाली वळवलं आणि वेव्हमेकर (पाण्यात लाटा उठवणारा पंप) थोडा खाली घेतला, एवढ्यानेच लाइटच्या खालच्या बाजूचा थर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. ज्यांना कव्हर नको असेल त्यांनीही एवढं तरी करावं.

कव्हरसाठी पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा गोखले नाक्याजवळच्या नेमप्लेट बनवणाऱ्यांकडून कापून घेतला. ते म्हणाले, "दादा, फुटायला नको असेल तर पॉलिकार्बोनेट न्या." त्यांचं बरोबर आहे, पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही. पण साधा पॉलिकार्बोनेट अतिनील किरणांनी हळूहळू पिवळा पडतो आणि प्रकाशही थोडा कमी सोडतो. ॲक्रिलिक दिसणारा प्रकाश सुमारे ९२ टक्के सोडतं. उरलेला जवळजवळ सगळा दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तित होतो, दर पृष्ठभागाला साधारण ४ टक्के. त्यामुळे पत्रा जाड घेतला तरी फरक फारसा पडत नाही. आपल्या ४५० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडींना ॲक्रिलिक अडवत नाही, म्हणून मी ॲक्रिलिकच घेतलं. साधी काच जड, आणि लोहामुळे कडेने हिरवी. कुणाकडे अजून दोन टोकांचे जुने मेटल हॅलाइड दिवे असतील तर त्यांनी मात्र काचच ठेवावी. त्या दिव्यांची अतिनील किरणं अडवायला ती लागतेच, आणि ॲक्रिलिक त्यांच्या उष्णतेने मऊ पडतं.

जाडीचं म्हणाल तर ३ मिमीच्या पत्र्याला जुलैत मधोमध झोळ आला. ॲक्रिलिक ओलावा शोषतं. खालची बाजू कायम दमट, ती फुगते, वरची तेवढी फुगत नाही, मग पत्रा वाकतो. उलटा करून ठेवला की काही दिवसांत सरळ होतो. आता ५ मिमीचा आहे आणि दर रविवारी पुसताना बाजू पालटतो. सध्या सरळ आहे.

बसवताना माझा कटाक्ष एकाच गोष्टीवर होता: लाइटला श्वास घेता आला पाहिजे. पत्रा लाइटला चिकटवलेला नाही. दोन बोटं अंतर सोडून, लाइटपेक्षा थोडा मोठा असा टांगलाय, मागच्या बाजूला किंचित उतार देऊन. थेंब ओघळून मागच्या कडेने टँकमध्येच पडतो. वरून आणि बाजूने लाइट पूर्ण मोकळा. पावसाळ्यात काही जण लाइटभोवती प्लास्टिक गुंडाळतात, ते कृपा करून करू नका. पंख्याची हवा अडली की एलईडी तापतात आणि त्यांचं आयुष्य कमी होतं, शिवाय आत अडकलेला दमटपणा वेगळाच. टँकचं तोंडही मी झाकलेलं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी थंड राहतं ते बाष्पीभवनामुळे, त्यावर झाकण घालणं मला पटत नाही.

स्क्रू नायलॉनचे वापरले. ३०४ ग्रेडच्या स्टीललाही आमच्या हवेत तांबूस डाग पडतात. धातूचाच लागला तर ३१६ बघा.

आता आकडे. एका मित्राचा पार मीटर (प्रवाळांना उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र) मिळाला होता. लेदर जिथे बसलाय तिथे कव्हरशिवाय १५०, नव्या स्वच्छ पत्र्याखाली १३८. हे अपेक्षेप्रमाणेच. पण ऐन पावसात तोच पत्रा आठवडाभर न पुसता ठेवून मोजलं तर ११८! म्हणजे पत्र्याने जेवढा प्रकाश खाल्ला त्याहून जास्त त्याच्यावरच्या मिठाने खाल्ला. हा आकडा बघितल्यावर माझं मत बदललं. कोणता पत्रा घ्यावा यावर आपण तासन् तास बोलतो, पण खरा फरक पुसण्याच्या शिस्तीने पडतो.

यातच एक धोका आहे. महिनाभर मळलेला पत्रा एके दिवशी लख्ख केला तर प्रवाळांवर अचानक कितीतरी जास्त उजेड पडतो. झोअँथिड मिटून बसतात, लेदर आक्रसतो. म्हणून कुणाकडून पुसणं राहून गेलं असेल तर पत्रा स्वच्छ करतानाच लाइटची तीव्रता खाली आणा आणि दोनेक आठवड्यांत हळूहळू पूर्ववत करा. नियमित पुसत असाल तर याची गरज नाही.

पुसण्याची माझी पद्धत: पत्रा काढून आधी आरओ (क्षार काढलेल्या) पाण्याखाली धरायचा, म्हणजे मिठाचे कण विरघळून जातात. कोरडं फडकं फिरवलं तर तेच कण पत्र्यावर ओरखडे काढतात. मग मऊ मायक्रोफायबर. कडेला पांढरा चुनखडीचा थर धरला असेल तर व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवायचं आणि परत आरओ पाण्याने धुवायचं. स्पिरिट किंवा अमोनियावालं काच पुसायचं औषध ॲक्रिलिकला लावू नका, बारीक तडे जातात आणि ते परत जात नाहीत.

कनेक्टरसाठी सगळ्यात उपयोगी सल्ला मिळाला तो मिरकरवाड्यात बोटींची वायरिंग करणाऱ्या एका काकांकडून. प्लग गोड्या पाण्याने पुसायचा, पूर्ण वाळवायचा, मग सिलिकॉन ग्रीस भरून बंद करायचा. "मीठ आत गेल्यावर काय करशील, ते जाताच कामा नये," हे त्यांचं वाक्य. यावर्षी तसंच केलंय आणि सप्टेंबरमध्ये उघडून पाहिलं तर पिना पिवळ्याधमक होत्या. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ दिलेला आहे, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) टँकच्या लाइनवर हवाच, त्याबाबत तडजोड नको.

एक गोष्ट अजून बघायची आहे. आमची खिडकी पश्चिमेला आहे. खालून येणारं मीठ कव्हर अडवतं, पण वरच्या पंख्यात जातं ते थेट समुद्रावरून आलेलं. दिवाळीनंतर वारा बदलला की पंखे उघडून पात्यांवर किती साचलंय ते फोटोसकट टाकतो. दापोली, मालवण, वेंगुर्ल्याकडे कुणी अतिनील-रोधक थराचा पॉलिकार्बोनेट वर्षभर वापरला असेल तर तो पिवळा पडला का, तेवढं जरूर कळवा.