तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजात ख्रिस्ती म्हणून वागायला लाज वाटते, काय करू?

आमच्या तरुण संघातली मुलं हे मला उपासना संपल्यावर बाहेर पार्किंगमध्ये विचारतात, आत कधीच नाही. दहावीपर्यंत रोज प्रार्थना करून जेवणारा मुलगा अकरावीला गेला की कॅन्टीनमध्ये डबा उघडतो आणि गपचूप खायला लागतो, आणि मग रात्री त्याला झोप येत नाही. "ताई, मी प्रभूला नाकारलं का?" असं एकाने विचारलं होतं, डोळ्यात पाणी होतं त्याच्या.

आधी आईवडिलांना सांगते, "त्यात काय एवढं लाजायचं" असं प्लीज म्हणू नका. आपल्याच पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा दिला, तिथे गेलेल्यांची नावं पेपरात छापून आली आणि त्या कपभर चहावरून एवढं रान उठलं की न्यायमूर्ती रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चारचौघांचं दडपण एवढ्या मोठ्या माणसालाही चुकलं नाही, हा तर सोळा वर्षांचा पोरगा आहे.

संडे स्कूलमध्ये आपण दानिएल शिकवतो, राजाचं जेवण नाकारून दहा दिवस शाकभाजी आणि पाण्यावर राहिलेला. पण त्याच्या जोडीला तिघं मित्र होते हे सांगायचं राहूनच जातं. येशूचा शिष्य पेत्र मात्र, प्रभूला पकडून नेलं त्या रात्री, महायाजकाच्या अंगणात एकटा होता. तो भित्रा नव्हता हो, थोड्याच वेळापूर्वी बागेत त्याने तलवार उपसली होती, पण थंडी होती, लोक कोळशाचा विस्तव करून शेकत होते, हाही त्यांच्यात जाऊन उभा राहिला आणि एका दासीने नुसतं विचारलं, तू त्याचाच ना, तर म्हणाला, मी नव्हे. मला वाटतं त्याला ती ऊब सोडवेना. कॉलेजचा ग्रुप म्हणजे तसाच विस्तव, आणि ऊब हवीशी वाटणं हे काही पाप नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात २१व्या अध्यायात परत कोळशाचा विस्तव येतो. सरोवराच्या काठी, वर मासळी, आणि प्रभू म्हणतो या, न्याहारी करा. आधी खाऊ घालतो, मग तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. नाकारणाऱ्याशी प्रभू असा वागला, मग आपण मुलांवर का ओरडतो?

मुलांनो, तुम्हाला एवढंच सांगते की आधी एक जोडीदार शोधा, दुसऱ्या चर्चचा असला तरी चालेल. प्रॉक्सी लावायची नसेल तर "मी नाही लावणार यार" एवढं बास, लेक्चर देऊ नका. ग्रुपवर एखाद्या मुलीचा घाणेरडा फोटो फिरत असेल तर मात्र गप्प बसू नका, तिथे बोलायलाच पाहिजे, एकटे पडलात तरी. आणि "तुम्ही मराठी कसे काय?" असं कोणी विचारलं तर चिडू नका, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग ऐकवा, केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे ते सांगा.

तो पार्किंगमधला मुलगा परवा भेटला. म्हणाला, आता डब्यावर हात ठेवून दोन सेकंद डोळे मिटतो. पहिल्या दिवशी शेजारच्या मित्राने विचारलं, "काय रे, बरं वाटत नाहीये का?" हा म्हणाला, "प्रार्थना करत होतो." मित्र "बरं" म्हणाला आणि भाजी वाढून घेतली. आता तो मित्र ह्याने डोळे उघडेपर्यंत डब्याला हात लावत नाही.